घेणारे कोणी नाही

तहसिलीच्या मागच्या खोलीत
पानामागे चाळीस पैसे मिळतात मला.
पान उलटायचं, कोपरे अंगठ्यांनी दाबायचे,
काचेखालचा उजेड डावीकडून उजवीकडे जाऊ द्यायचा.
वाचायचं नाही, हे गावंडे साहेबांनी
पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय.
वाचलं की पानं कमी भरतात.

बाहेर व्हरांड्यात लोक बसलेले असतात
पणजोबाचं नाव चिठ्ठीवर घेऊन.
त्यांना एकच रकाना पाहिजे, जातीचा.
बाकीच्या रकान्यांकडे शंभर वर्षांत
कोणी फिरकलं नाही,
एक कसर सोडली तर.

मोडी मी पंधरा दिवसांच्या वर्गात शिकले.
आली नसती तर बरं होतं.

बोरखेडी पूर्णा. कोतवाल बुक. सन अठरा.
मार्च, तीन मयत. एप्रिल, दोन, त्यात एक साप.
जून कोरा.
दसऱ्याच्या आसपास हस्ताक्षर घाईला येतं.
ताप. ताप. ताप.
पुढे नुसता 'ता'.
पुढे नुसती दोन टिंबं, खाली, अजून खाली,
विहिरीत सोडलेल्या दोरासारखी.
मानमोडी. तीनशे चाळीस वस्तीच्या गावात
एका महिन्यात एकोणनव्वद.
सत्तराव्या ओळीनंतर हस्ताक्षर बदलतं.
एकाहत्तरावं नाव कोतवालाचं आहे.

त्याच पानाला टाचलेली मनीऑर्डरीची पावती.
टाचणी गंजून कागदातच उतरलेली.
पाठवणार लोडबा वल्द पुंजाजी, खच्चरवाला,
पलटणीबरोबर, मुक्काम बसरा.
रुपये अकरा.
खालच्या बोटभर जागेत कोण्या कारकुनानं
त्याच्या तोंडचं जसंच्या तसं उतरवलंय:
'इथलं पानी आपल्यावानीच खारं हाये.
मले काई फरक वाटत नाई. काळजी नोका करू.'
आणि त्यावरून आडवा, जांभळ्या शाईत, पोस्टाचा शेरा:
घेणारे कोणी नाही. परत.
परत जायची ती इथंच कशी राहिली,
कळत नाही.

मग वरच्या ओळी पुन्हा पाहिल्या.
चोविसावी, गिरजी जोजे लोडबा.
सव्विसावी, पुंजाजी.
एकतिसावी, मुलगी, नाव ठेवले नाही, दिवस नऊ.
बोटं मोडून पाहिलं:
पौषात गेला असेल तो.

बोरखेडी माझ्या मावशीचं गाव.
चावडीच्या भिंतीत तिथं एक दगड आहे,
दर पंधरा ऑगस्टला चुन्यात बुडतो.
एकदा भाऊबीजेला गेले असताना नखानं खरवडला होता.
या गावातून महायुद्धावर गेले, ९.
पैकी मेले, ०.
शून्य सुबक आहे. पाथरवटाचा हात चांगला होता.

खोटं काहीच नाही त्यात.
लोडबा आला, एवढं सापडलं मला,
सन वीसच्या फेरफारात, साडेतीन एकर:
वारस लोडबा, समक्ष हजर,
निशाणी डावा अंगठा.
ठशाच्या मधोमध आडवी पांढरी रेघ.
लगामाचा व्रण असेल.
किंवा विळ्याचा, जाण्याआधीचा,
आणि मी उगाच बसऱ्याला जोडते आहे.

संध्याकाळी साहेबांनी पानं मोजली, दोनशे बारा.
पावती पानात धरत नाहीत, तिचे पैसे नाहीत.
मशीननं विचारलं, प्रकार कोणता?
जन्म, मृत्यू, जमीन, इतर.
बराच वेळ मी काहीच दाबलं नाही.

नासिरभाई कुलूप घेऊन दारात आले,
दुसऱ्या हातात गिलास.
कॅनचं सरलं, म्हणाले,
बोअरचं हाये. चालन का?

घेतलं मी.